नेट, लाइट, बँक एकदम बंद पडली तर? आधी घर तयार करा, मग दुकान



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण दुकानाचा 'प्लॅन बी' बघितला. बिलिंगचा बॅकअप, इन्व्हर्टर, दुसरं सिमकार्ड वगैरे. त्यातला एक मुद्दा मी मुद्दाम इथे लिहायला ठेवला होता, कारण तो दोन वाक्यांत सांगून होण्यासारखा नाही. तो असा: छोट्या उद्योजकाचा प्लॅन बी दुकानात सुरू होत नाही, घरात सुरू होतो. ज्याचं घर तीन दिवस नेट, लाइट आणि एटीएमशिवाय चालू शकतं, त्याचंच दुकान चौथ्या दिवशी उघडं असतं.

तुम्ही म्हणाल, सर, हे जरा जास्तच होतंय. तीन दिवस कुठे काय बंद पडतं? म्हणून आधी गेल्या काही वर्षांत खरोखर काय काय झालं ते बघू. घाबरवायचं नाहीये. अंदाज यावा एवढ्यासाठी.

हे सगळं होऊन गेलेलं आहे

१२ ऑक्टोबर २०२०. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई आणि आजूबाजूच्या मोठ्या भागाची वीज गेली. लोकल जागेवर थांबल्या. मुंबई विद्यापीठाच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. काही भागांत दोन-अडीच तासांत वीज आली, काही भागांत बराच वेळ लागला. ज्या शहरात लाइट जात नाही म्हणून लोक इन्व्हर्टरसुद्धा घेत नाहीत, त्या शहरात हे झालं.

१९ जुलै २०२४. क्राउडस्ट्राइक नावाच्या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचं एक सदोष अपडेट गेलं आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पडले. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले, त्याचे फोटो तुम्ही बघितले असतील. कुणी हल्ला केला नव्हता. एक फाइल चुकीची गेली, एवढंच.

बरोबर बारा दिवसांनी, ३१ जुलै २०२४. छोट्या बँकांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाल्याचं समोर आलं. धोका पसरू नये म्हणून एनपीसीआयने त्या कंपनीच्या यंत्रणेला पेमेंटच्या जाळ्यापासून तात्पुरतं तोडलं. सुमारे ३०० छोट्या बँकांच्या ग्राहकांना त्याची झळ बसली, आणि त्यात सहकारी आणि ग्रामीण बँका होत्या. दुसऱ्या दिवशी सेवा पूर्ववत झाली. पण विचार करा, देशात सगळ्यात जास्त नागरी सहकारी बँका आपल्या महाराष्ट्रात आहेत. तालुक्याच्या गावातल्या किती व्यापाऱ्यांचं एकमेव खातं अशा बँकेत असतं? त्या दिवशी शेजारच्या दुकानदाराचं यूपीआय चालू आणि आपलं बंद, असं होऊ शकत होतं.

२६ मार्च २०२५. संध्याकाळच्या गिऱ्हाइकीच्या वेळेला यूपीआय बंद पडलं. १२ एप्रिलला पुन्हा, आणि त्या वेळी काही तास. दुसऱ्या वेळचं कारण शिकण्यासारखं आहे. एनपीसीआयने सांगितलं की काही बँकांच्या यंत्रणा 'व्यवहार झाला का, झाला का' असं परत परत विचारत राहिल्या आणि त्या चौकशांच्या ओझ्याखाली सिस्टिम बसली. पैसे पाठवणाऱ्यांपेक्षा चौकशी करणाऱ्यांनी रस्ता अडवला.

आणि २८ एप्रिल २०२५. भरदुपारी जवळजवळ अख्ख्या स्पेन आणि पोर्तुगालची वीज गेली. अडकलेल्या गाड्यांमधून सुमारे ३५ हजार प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. कार्ड चालेनात, ज्याच्याकडे रोख पैसे होते त्यालाच पाणी आणि ब्रेड मिळाला. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत वीज बहुतेक ठिकाणी आली. म्हणजे श्रीमंत, प्रगत देशातसुद्धा हे होतं.

आपल्या देशाचं उदाहरण याहून मोठं आहे. ३१ जुलै २०१२ ला उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारताचं ग्रिड कोसळलं. ६० कोटींहून जास्त लोक राहतात त्या भागाची वीज गेली. महाराष्ट्र त्या वेळी वाचला, म्हणून आपल्याला ते आठवत नाही.

दोन तासांत येतं की!

हा सगळ्यात नेहमीचा युक्तिवाद, आणि तो चुकीचा नाही. बहुतेक वेळा येतंच. म्हणून मी तुम्हाला महिनाभराचं धान्य तळघरात भरा असं सांगत नाही.

पण दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, लाइट येणं आणि सगळं सुरळीत होणं यात फरक असतो. लाइट आली तरी एटीएममध्ये पैसे भरणारी गाडी यायला वेळ लागतो, अडकलेली पेमेंट सुटायला दिवस लागतात, टाकीत पाणी चढायला रात्र होते. दोन, आपल्याकडे संकट एकटं येत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा लाइट, फोन, रस्ते आणि रेल्वे एकदमच गेले. हजारो लोक रात्रभर ऑफिसात, शाळेत, बसमध्ये होते आणि घरच्यांना काही कळत नव्हतं. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण. तिथल्या व्यापाऱ्यांना विचारा, दोन तासांत काय आलं होतं ते.

युरोपियन युनियनने २०२५ मध्ये नागरिकांसाठी धोरण जाहीर केलं: प्रत्येक घर किमान ७२ तास बाहेरच्या मदतीशिवाय चालेल एवढी तयारी ठेवा. तारीख होती २६ मार्च, म्हणजे ज्या संध्याकाळी आपलं यूपीआय बंद होतं तीच. नेदरलँड्सची मध्यवर्ती बँक तर आकडा सांगते: मोठ्या माणसामागे ७० युरो आणि मुलामागे ३० युरो रोख घरात ठेवा. स्वीडनने घरोघरी पुस्तिका वाटली आणि किमान आठवडाभर स्वतःच्या जोरावर राहता यावं असं सांगितलं. जिथे रोख पैसे जवळजवळ दिसत नाहीत ते देश हे सांगतायत. आपल्याकडे मे २०२५ या एका महिन्यात यूपीआयचे १,८६८ कोटी व्यवहार झाले. म्हणजे आपण त्याच रस्त्यावर आहोत, फक्त रोख ठेवायची आठवण आपल्याला अजून कुणी केलेली नाही.

गैरसमज नको. मी यूपीआयच्या बाजूचा माणूस आहे. सुट्ट्यांची कटकट गेली, हिशोब चोख झाला, बँकेला दाखवायला उलाढाल मिळाली, कर्ज मिळायला सोपं झालं. यूपीआय बंद करा असं जो सांगेल त्याचं ऐकू नका. माझं म्हणणं एवढंच की पहिला रस्ता कितीही चांगला असला तरी दुसरा रस्ता माहीत पाहिजे.

तुमच्या घरातला सगळ्यात कच्चा दुवा तुम्ही आहात

बीबीएला आम्हाला शिकवायचे की जी एक गोष्ट बंद पडल्यावर सगळं बंद पडतं, ती आधी शोधा. कारखान्यात ते एखादं मशीन असतं. छोट्या उद्योजकाच्या बाबतीत ते मशीन नसतं. मालक आणि मालकाच्या खिशातला मोबाइल, हे असतं.

आता खरं खरं सांगा. घरातले पैसे कोणाच्या मोबाइलवर? गॅसचं बुकिंग? लाइट बिल? मुलांच्या शाळेचा ग्रुप? आईच्या डॉक्टरांचा नंबर, होलसेलवाल्याचा नंबर, उधारीचं अॅप, बिलिंगचा पासवर्ड, बँकेचा ओटीपी? सगळं एकाच फोनवर आणि तो फोन तुमच्याकडे. तुम्ही माल आणायला बाहेरगावी गेलात आणि त्या दिवशी टॉवर बंद पडला, तर घरी असलेली तुमची बायको किंवा नवरा, आई-वडील, मुलं, यांच्या हातात काय उरतं? बऱ्याच घरांत उत्तर आहे: दोनशे रुपये आणि चिंता.

म्हणून मी 'आधी घर' म्हणतो. ज्याला घरची काळजी लागलीय तो गल्ल्यावर बसू शकत नाही. शटर ओढतो आणि घरी पळतो, आणि ते बरोबरच आहे. घर तयार असेल तर तो शांतपणे दुकानात थांबतो. त्यामुळे घराच्या तयारीवर घातलेले तीन-चार हजार रुपये ही मला धंद्यातलीच गुंतवणूक वाटते.

घरासाठी: चार गोष्टी

पहिली, रोख. किती? अंदाजाने नाही, हिशोबाने. रोजचा घरखर्च गुणिले तीन, त्यात औषधं, पेट्रोल आणि थोडे हाताशी. समजा रोजचे ७०० रुपये, तर तीन दिवसांचे २,१००. औषधाला १,०००, पेट्रोलला ५००, हाताशी १,५००. झाले ५,१००. एवढे पैसे घरात वेगळ्या पाकिटात ठेवा. पाचशेच्या नोटांत नाही. शंभर, पन्नास, वीस आणि दहाच्या नोटांत. सगळ्यांचे व्यवहार रोखीवर येतात तेव्हा पाचशेला सुट्टे कुणीच देत नाही. हे पाकीट दुकानाच्या गल्ल्यात मिसळायचं नाही. घरातल्या दोन मोठ्या माणसांना त्याची जागा माहीत पाहिजे. एकदम जमत नसेल तर आठवड्याला पाचशे टाका, अडीच महिन्यांत होईल.

दुसरी, पाणी, चूल आणि औषध. अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर लाइट गेली म्हणजे पाण्याचा पंप गेला, आणि वरची टाकी संपली की पाणी गेलं. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी रोज पाच लिटर धरा. चार माणसं, तीन दिवस: ६० लिटर. म्हणजे वीस लिटरचे तीन जार. फार काही नाही. ते भरून ठेवा आणि अधूनमधून वापरून परत भरा. फक्त इंडक्शनवर अवलंबून राहू नका, गॅसचा दुसरा सिलिंडर भरलेला असू द्या. रोजच्या गोळ्या संपायच्या दिवशी आणायची सवय असेल तर ती मोडा, पंधरा दिवसांचा साठा कायम ठेवा. घरात कुणी इन्सुलिन घेत असेल तर लाइट गेल्यावर ते कसं ठेवायचं हे तुमच्या डॉक्टरांना आजच विचारा, विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात तर नक्कीच. आणि फ्रिजचं सोपं गणित: दार उघडलं नाही तर फ्रिज साधारण चार तास गारवा धरतो. लाइट गेल्याबरोबर 'आत काय काय आहे' बघायला दार उघडायचं नाही. गाडीची टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका, कारण पेट्रोल पंपालाही वीज लागते.

तिसरी, कागद. एक वही घ्या, शाळेची शंभर पानी चालेल. तिच्यात महत्त्वाचे नंबर हाताने लिहा: घरचे, शेजारी, डॉक्टर, शाळा, दूधवाले, महावितरणचं जवळचं कार्यालय, बँकेची शाखा, विमा एजंट. आणीबाणीचा ११२ मुलांनासुद्धा पाठ पाहिजे. आजच्या दहावीतल्या मुलाला विचारा, आईचा नंबर सांग. बऱ्याच जणांना येत नाही. आधार, रेशनकार्ड, विमा पॉलिसी, दुकानाचा परवाना, जीएसटी प्रमाणपत्र यांच्या झेरॉक्स एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घाला. डिजिलॉकर चांगलंच आहे, पण ते उघडायला नेट लागतं. पिन आणि पासवर्ड मात्र या वहीत लिहायचे नाहीत.

चौथी, माणसं. फोन लागत नसेल तर कोण कुठे जाणार, हे आधी ठरवा. शाळेतून मुलाला कोण आणणार? तो नाही पोचला तर दुसरा कोण? शाळेला ते दुसरं नाव लिहून दिलंय का? आई-बाबा गावाकडे एकटे असतील तर त्यांच्याकडे जाऊन बघणारा शेजारी कोण? घरी पोचता आलं नाही तर थांबायचं ठिकाण कोणतं: मामाचं घर, देऊळ, दुकान? हे ठरवायला एक रुपया लागत नाही, म्हणूनच ते कुणी करत नाही.

या चारांच्या जोडीला एक बॅटरी, मेणबत्त्या-काडेपेटी, भरलेली पॉवर बँक आणि सेलवर चालणारा छोटा रेडिओ. टॉवरच्या बॅटऱ्या काही तासांत उतरतात, मग व्हॉट्सअॅपही नाही आणि अफवा मात्र तोंडी पसरतात. अशा वेळी आकाशवाणीच्या बातम्या उपयोगी पडतात.

काय बंद पडलंय ते आधी ओळखा

'सगळं बंद आहे' असं म्हणून लोक हात टेकतात. खरं तर दर वेळी वेगळी गोष्ट बंद असते आणि उपाय वेगळा असतो. हे घरातल्यांनाही समजावून सांगा.

फक्त तुमची बँक बंद असेल तर दुसऱ्या बँकेतलं खातं चालतं. म्हणून खाती दोन ठेवा आणि ती दोन वेगळ्या प्रकारच्या बँकांत ठेवा: एक सहकारी, एक राष्ट्रीयीकृत किंवा मोठी खाजगी. सहकारी बँक सोडा असं मी म्हणत नाही. आपल्या गावात अडचणीला उभी राहणारी बँक तीच असते. फक्त सगळी अंडी एका टोपलीत नकोत.

बँकेचा सर्व्हर हळू असेल तर यूपीआय लाइट कामी येतं. त्यात पाच हजारांपर्यंत रक्कम आधीच बाजूला ठेवलेली असते आणि हजार रुपयांपर्यंतच्या पेमेंटला दर वेळी बँकेच्या मुख्य सर्व्हरकडे जावं लागत नाही. घरातल्या दोघांच्या फोनवर हे चालू करून ठेवा.

फक्त इंटरनेट बंद असेल, पण फोन लागत असेल, तर *९९# वरून साध्या फोननेसुद्धा पाच हजारांपर्यंत पैसे पाठवता येतात. पण हे आधी एकदा करून बघितलेलं पाहिजे. गर्दीच्या वेळी शिकायची ती गोष्ट नाही.

यूपीआयच बंद असेल तर यातलं काहीच चालणार नाही. मग कार्ड, नाहीतर रोख. आणि लाइट व टॉवर दोन्ही गेले तर फक्त रोख आणि ओळख.

पेमेंट मध्येच अडकलं तर परत परत पाठवू नका. रिझर्व्ह बँकेचा २०१९ पासून नियम आहे: यूपीआयने माणसाला पाठवलेले पैसे खात्यातून गेले आणि समोर जमा झाले नाहीत, तर ते पुढच्या दिवसापर्यंत परत आले पाहिजेत. दुकानदाराला केलेल्या पेमेंटचं कन्फर्मेशन आलं नाही, तर पाच दिवसांत. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. हा नियम छापून काउंटरजवळ लावा. ग्राहकाशी होणारी निम्मी भांडणं तिथेच संपतील.

मग दुकान

घर झालं की दुकानाची यादी छोटी राहते.

हाताने लिहायचं बिलबुक छापून ठेवा. जीएसटीच्या नियमात बिलांच्या एकापेक्षा जास्त मालिका चालतात, फक्त प्रत्येक मालिकेत नंबर ओळीने आणि आर्थिक वर्षात न दुबार येणारे पाहिजेत. म्हणजे हाताच्या बिलांची वेगळी मालिका ठेवा, नंतर सॉफ्टवेअरमध्ये चढवताना गोंधळ होत नाही.

भावांची छापील यादी ठेवा. बारकोड मारल्याशिवाय भाव सांगता येत नसेल तर आपण दुकानदार नाही, मशीनचे मदतनीस आहोत. इलेक्ट्रॉनिक काट्याची बॅटरी चार्ज ठेवा, आणि जमलं तर वैधमापन खात्याचा शिक्का असलेला साधा तराजू जवळ असू द्या. शटर मोटरचं असेल तर हाताने कसं उघडतं ते कामाला असलेल्या मुलालाही दाखवा.

दर शनिवारी रात्री उधारीची यादी छापा किंवा वहीत उतरवा. दुकान एक दिवस बंद राहिलं तर एका दिवसाची गिऱ्हाइकी जाते, ती भरून निघते. उधारीचा हिशोब गेला तर भांडवल जातं. ज्याचं भांडवलच दोन लाख आहे आणि त्यातले साठ हजार उधारीत आहेत, त्याच्यासाठी ती यादी म्हणजेच दुकान आहे.

आणि बंदच्या काळात स्क्रीनशॉटवर माल द्यायचा नाही, हा नियम आजच करा. गोंधळाच्या दिवशी फसवणारे जास्त फिरतात. क्राउडस्ट्राइकच्या घोळानंतरसुद्धा मदतीच्या नावाने खोटे मेल आणि फोन करणाऱ्यांबद्दल सर्ट-इनला सावध करावं लागलं होतं. 'तुमचं बंद पडलेलं खातं सुरू करून देतो' असा फोन घरच्या कुणालाही आला तर ठेवून द्यायचा. हे आजीलासुद्धा सांगा.

काय विकत घेऊ नका

आता थोडं स्पष्ट बोलतो. भीती हा पण एक धंदा आहे. अशा बातम्या आल्या की 'इमर्जन्सी किट', मोठे जनरेटर, सोलरचे महागडे सेट यांच्या जाहिराती सुरू होतात. नवीन उद्योजकाने त्यात पैसे अडकवू नयेत. ज्याचा धंदाच थंडाव्यावर आहे, म्हणजे आइसक्रीम, दूध, औषधं, त्याला वीज साठवणं भाग आहे. बाकीच्यांनी इन्व्हर्टरच्या आधी वही घ्यावी. वही पन्नास रुपयांची आहे आणि तिची बॅटरी उतरत नाही.

तसंच साठेबाजी नको. घरात तीन दिवसांचं ठेवणं ही तयारी झाली. पाच पोती साखर उचलणं म्हणजे शेजाऱ्याच्या ताटातलं घेणं. आणि दुकानदार म्हणून तर आपल्याला हे जास्त लागू आहे. अंधाराच्या दिवशी मेणबत्तीचा भाव वाढवला तर फार तर दोनशे रुपये सुटतात, पण गल्ली ते दहा वर्षं विसरत नाही.

याच्या उलटही खरं आहे. नेट बंद आहे, समोर ओळखीच्या काकू उभ्या आहेत, हातात दुधाची पिशवी आहे आणि पैसे फोनमध्ये अडकलेत. 'न्या हो, वहीत लिहितो' म्हणणारा दुकानदार पुढच्या दिवाळीलाही त्यांना आठवतो. मॉल आणि अॅपवाले हे करू शकत नाहीत. त्यांची सिस्टिम बंद म्हणजे दुकान बंद. आपली सिस्टिम ओळखीवर चालते. मोठ्या कंपन्यांसमोर आपल्याकडे काय आहे असं तुम्ही मला नेहमी विचारता. हे आहे. पण ते वापरायला तुम्ही त्या दिवशी काउंटरवर असायला पाहिजे, आणि तुम्ही तिथे तेव्हाच असाल जेव्हा घरी पाणी, पैसे आणि औषध आहे हे तुम्हाला माहीत असेल.

येत्या रविवारी हे करा

वाचून सोडून देऊ नका. रविवारी संध्याकाळी सहा ते आठ घरातला मेन स्विच बंद करा आणि सगळ्यांचे फोन फ्लाइट मोडवर टाका. घरात कुणाला श्वासाचं मशीन वगैरे लागत असेल तर त्या खोलीला हात लावू नका, बाकी करा. स्वयंपाक करा, पाणी वापरा, शेजारच्या दुकानातून रोख देऊन काहीतरी आणा. मुलांना आई-बाबांचे नंबर न बघता लिहायला सांगा. जे जे अडलं ते त्याच वहीच्या मागच्या पानावर लिहा. सव्वाआठला तुमच्या हातात तुमच्या घराची स्वतःची यादी असेल, माझ्या यादीपेक्षा जास्त चांगली.

मग सोमवारी त्यातलं सगळ्यात स्वस्त काम आधी उरका, आणि मंगळवारी बिलबुकची ऑर्डर द्या. पुढच्या व्हिडिओत आपण हाताच्या बिलांची मालिका कशी लावायची ते प्रत्यक्ष भरून बघणार आहोत. तोपर्यंत वही घेऊन ठेवा.